ग्रॅज्युएशनच्या ओपन हाऊससाठी गरम रोस्ट बीफ सँडविच: चार तास चव कशी टिकवायची?

नदीकाठ | १६ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

धाकटीचं हायस्कूल संपतंय आणि ७ जूनला घरी ओपन हाऊस ठेवलं आहे. भारतातल्या वाचकांसाठी सांगते, ही पंगत नसते. दुपारी दोन ते सहा दार उघडं असतं. मैत्रिणी, त्यांचे आईबाबा, शेजारी, ऑफिसातली माणसं आपापल्या सवडीनं येतात, उभ्याउभ्या खातात, पोरीचं कौतुक करतात आणि पुढच्या घरी जातात. या दिवसांत एकेका कुटुंबाला एका दुपारी तीन-तीन घरं करायची असतात.

आम्ही शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिलला राहतो. इकडे अशा कार्यक्रमाला इटालियन बीफ ठरलेलं. कागदासारखं पातळ कापलेलं रोस्ट बीफ, ते ज्यात भिजतं तो मसालेदार रस्सा, लांबट पाव आणि वर जार्दिनिएरा, म्हणजे भाज्यांचं तेलातलं तिखट लोणचं. लेकीनं तेच मागितलंय, आणि विकतचं नको, तू कर, असं म्हणाली आहे.

मोठ्याच्या वेळी मी केलं होतं आणि ते बिघडलं. सकाळी अकरालाच सगळे काप रश्शात घालून स्लो कुकर लावला. दोन वाजता छान होतं. साडेचारला चिमट्यानं एक काप उचलला तर तो करडा पडलेला, कडेनं मुडपलेला, दाताखाली सुतळीसारखा. लेकाच्या टीमचे कोच सगळ्यात शेवटी आले. त्यांनी दोन घास खाल्ले आणि ताटली हळूच कठड्यावर ठेवली. त्यांना काही बोलायचं नव्हतं, पण मी ते पाहिलं, आणि मला ते अजून लागतं.

यावेळी एकच गोष्ट साधायची आहे. सहाला येणाऱ्याला दोनला आलेल्यासारखंच सँडविच मिळायला हवं. माणसं साधारण तीस, त्यातली सात-आठ बीफ न खाणारी. कुणी मोठ्या प्रमाणावर केलं असेल तर हात राखून न ठेवता लिहा.

शेवंती | १६ मे, रात्री १०.०५

लेकीचं अभिनंदन! न खाणाऱ्या सात-आठांबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं आहे, सविस्तर उद्या लिहिते. आधी जाणकार येऊ देत.

खलबत्ता | १७ मे, सकाळी ७.१५

नदीकाठताई, लेकीचं मनापासून अभिनंदन.

या पदार्थाचा जन्म कसा झाला ते आधी सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. शिकागोत १८६५ पासून १९७१ पर्यंत युनियन स्टॉकयार्ड होतं, म्हणजे जनावरांचा प्रचंड बाजार आणि कत्तलखाने. उत्तम मांस श्रीमंतांकडे जायचं. इटलीहून आलेल्या कामगारांच्या वाट्याला मांडीचं, खांद्याचं चिवट मांस यायचं. त्यांनी ते मंद आचेवर भाजलं, अगदी पातळ कापलं आणि भाजताना सुटलेल्या रसात भिजवून पावात घातलं. लग्नकार्यात थोड्या मांसात खूप माणसं जेवायची असत, म्हणून काप पातळ. चिवटपणा कापण्यानं जायचा, शिजवण्यानं नव्हे. हे वाक्य पुन्हा वाचा, बाकीची कृती त्याच्याभोवतीच आहे.

मी विद्यार्थी असताना टेलर स्ट्रीटजवळ राहायचो. तिथलं अ‍ॅल्स हे इटालियन बीफचं दुकान १९३८ पासूनचं. खिशात पैसे नसायचे, त्यामुळे महिन्यातून एकदाच जाणं व्हायचं, पण शिकागोतल्या अशा ठिकाणी काउंटरपलीकडच्या माणसाचे हात मी नेहमी निरखून बघत आलोय. गिऱ्हाईक आलं की मूठभर काप रश्शात जातात, चिमट्यानं एकदोनदा हलवले की निथळून थेट पावात. रश्शात काप तासन्‌तास डुंबत नाहीत.

आपल्याकडे मिसळीचा कट वेगळा उकळत असतो आणि फरसाण कोरडं डब्यात असतं. माणूस बसला की दोन्हीची गाठ पडते. कुणी सकाळीच फरसाण कटात घालून ठेवत नाही. तुमच्या मोठ्याच्या वेळी नेमकं तेच झालं. रस्सा चार तास गरम ठेवा, मांस नको. काप फ्रिजमध्ये थंड राहू देत, लागतील तसे बाहेर काढा.

आता प्रमाण. खाणारे बावीस, काही जण दोन घेतील, म्हणजे तीस सँडविच धरा. एका सँडविचला शिजलेलं मांस १२० ग्रॅम, एकूण साडेतीन-पावणेचार किलो. भाजताना वजन पाव ते तीस टक्क्यांनी घटतं, म्हणून कच्चं पाच-सव्वापाच किलो, इथल्या भाषेत साडेअकरा पौंड. टॉप राउंड घ्या. हा मागच्या मांडीचा तुकडा, चरबी कमी आणि स्नायूंच्या रेषा सरळ, त्यामुळे कापायला सोपा. अख्खा मोठा घेऊ नका, पावणेसहा पौंडांचे दोन घ्या. सारखे शिजतील आणि लवकर निवतील.

आदल्या दिवशी मांसाच्या वजनाच्या एक टक्का मीठ चोळून उघडंच फ्रिजमध्ये ठेवा. एका तुकड्याला २६ ग्रॅमच्या आसपास. दुसऱ्या दिवशी भरड मिरी, सुका ओरेगॅनो, बेसिल, लसूण, थोडी लाल मिरचीची भरड आणि हवी तर किंचित कुटलेली बडीशेप. ट्रेमध्ये जाळीवर मांस, जाळीखाली कांद्याच्या चकत्या, लसणीचा अख्खा गड्डा आडवा कापून, आणि दोन लिटर बिनमिठाचा बीफ स्टॉक. खाली द्रव नसेल तर गळणारा रस करपतो आणि रस्सा कडू होतो. ओव्हन २७५ अंश फॅरनहाइटला. घड्याळाकडे बघू नका, मधोमध थर्मामीटर खुपसून ठेवा. साधारण दोन-अडीच तास लागतात.

स्टॉक बिनमिठाचाच घ्या असं बजावून सांगतो. रस्सा चार तास गॅसवर राहणार, आटत जाणार. दोनला बरोबर वाटलेलं मीठ पाचला खारट लागतं.

नदीकाठ | १७ मे, सकाळी ८.०२

खलबत्ता, तुमचं हे उत्तर मी दोनदा वाचलं. मिसळीचं उदाहरण इतकं सरळ आहे की दोन वर्षांत ते मला का सुचलं नाही याचं वाईट वाटतंय. थर्मामीटर किती अंशांवर काढू? पाहुण्यांत माझे सासरे आहेत, वय ७९, आणि एक मैत्रीण सात महिन्यांची गरोदर आहे.

आडकित्ता | १७ मे, सकाळी ११.३०

मी बारा वर्षं हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करते, म्हणून हा भाग मी घेते.

अमेरिकी कृषी खात्याचा नियम आहे की बीफचा अख्खा तुकडा आतून १४५ अंश फॅरनहाइट व्हावा आणि नंतर तीन मिनिटं तसाच राहावा. तुमच्याकडे वयस्क आणि गरोदर दोन्ही आहेत, त्यामुळे त्याच्या खाली जाऊ नका. १४० ला ओव्हन बंद करून तुकडा बाहेर काढा आणि फॉइल सैलसर टाका. बाहेरची उष्णता आत सरकते आणि आकडा अजून चार-पाच अंश चढतो. १४५ दिसेपर्यंत थर्मामीटर काढायचा नाही.

नंतरची पायरी लोक विसरतात. गरम मोठा गोळा तसाच फ्रिजमध्ये ढकलला की बाहेरून गार वाटतो आणि मधे चार तास कोमट राहतो. ४० ते १४० अंशांच्या मधल्या पट्ट्यात जंतू वेगानं वाढतात. वीस मिनिटं विसावलं की प्रत्येक तुकडा मधोमध कापून दोन करा, ट्रेमध्ये एकमेकांना न चिकटवता ठेवा आणि फ्रिजमध्ये सरकवा. शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलंच पाहिजे. रस्साही पातेल्यासकट ठेवू नका, उथळ भांड्यांत वाटून ठेवा. सकाळी वर चरबीचा पांढरा थर धरेल, तो काढून टाका.

कार्यक्रमाच्या दिवशी रस्सा आधी गॅसवर खळखळून उकळा आणि मग मंद करा. थंड रस्सा स्लो कुकरमध्ये ओतून तो हळूहळू गरम होऊ देऊ नका, त्यात फार वेळ जातो. उकळल्यावर स्लो कुकरमध्ये ओतला तर चालेल. पूर्ण वेळ तो १४० च्या वरच हवा. मी म्हणेन १६५ ते १७५ ठेवा.

आता काप सुतळीसारखे का झाले. मांसातली प्रथिनं वेगवेगळ्या तापमानाला आकसतात. साधारण १५० अंशांच्या पुढे गेलं की दुसऱ्या टप्प्याचं आकसणं सुरू होतं आणि पिळलेल्या फडक्यासारखं पाणी बाहेर जातं. रश्शात बुडालेलं असलं तरी मांस कोरडंच होतं, कारण पाणी बाहेरून आत जात नाही. कोलॅजन, म्हणजे स्नायूंना जोडणारं चिवट प्रथिन, भरपूर असलेला तुकडा, उदाहरणार्थ खांदा, तासन्‌तास शिजवला तर त्या कोलॅजनचं जिलेटिन होऊन तो मऊ पडतो. टॉप राउंडमध्ये ते कमी असतं. म्हणून तो जितका शिजवाल तितका वातड.

थंड पातळ काप गरम रश्शात वीस-तीस सेकंद बुडवला की गरम होतो आणि आकसायच्या आत बाहेर येतो. गरोदर मैत्रिणीसाठी आणि सासऱ्यांसाठी मात्र त्यांचे काप रश्शात उकळी येईपर्यंत ठेवा. थोडे कडक होतील, पण त्या दोघांसाठी ते योग्य आहे.

हिमगिरी | १७ मे, दुपारी १.४४

न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरातून लिहितोय. आमच्याकडे याच मांसाचं वेगळं सँडविच आहे, बीफ ऑन वेक. पाव म्हणजे कुमेलवेक. जर्मनांनी आणलेला, वर जाडं मीठ आणि कॅरवेचे दाणे. कॅरवे म्हणजे आपल्या शहाजिऱ्याच्या भावकीतला, वास थोडा बडीशेपेकडे झुकणारा. मांस पातळ कापलेलं, पावाची वरची बाजू फक्त रश्शाला टेकवायची आणि आत हॉर्सरॅडिश.

तीस माणसांसाठी हे सोपं पडतं, कारण पाव भिजवायचा नसतो. कैसर रोल आणा, कॉर्नफ्लोअर पाण्यात शिजवून त्याची पातळ खळ वरून लावा, मीठ आणि कॅरवे भुरभुरा, ३५० अंशांवर चार-पाच मिनिटं. हे त्याच दिवशी सकाळी करा. मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि दुसऱ्या दिवशी पाव ओलसर, चिकट होतो. माझा एकदा झालाय.

हॉर्सरॅडिशचं मूळ ताजं मिळालं तर नक्की किसा. मोहरीच्याच कुळातलं आहे. नुसतं मूळ वासाला शांत असतं; किसलं की पेशी फुटतात आणि मग ते नाकातून थेट मेंदूपर्यंत जातं. व्हिनेगर घातलं की झणका तिथेच थांबतो. लगेच घातलं तर सौम्य राहतं, तीन मिनिटं थांबून घातलं तर डोळ्यांतून पाणी काढतं. खिडकी उघडी ठेवून किसा.

तिखटजाळ | १७ मे, दुपारी ३.१०

आमच्या घरात बीफ येत नाही, पण धागा पहिल्यापासून वाचतेय. हीच पद्धत दुसऱ्या मांसाला चालेल का? मी लॉस एंजेलिसला असते. इथे फ्रेंच डिप आहे, तोही रश्शात बुडवलेला पाव. १९०८ पासूनच्या फिलिप्स नावाच्या उपाहारगृहात बीफबरोबर लॅम्ब आणि टर्कीसुद्धा मिळते. मी तिथे लॅम्बच घेते, त्यांच्या झणझणीत मोहरीसोबत.

आडकित्ता | १७ मे, दुपारी ४.२०

तिखटजाळ, लॅम्बच्या मांडीला हीच कृती आणि हेच आकडे. टर्कीला १६५ अंशच हवेत, त्याला तडजोड नाही. टर्की कोरडी पडू नये म्हणून आदल्या रात्री मिठाच्या पाण्यात ठेवा आणि काप जरा जाड ठेवा.

शेवंती | १७ मे, रात्री ८.५०

आता माझं बोलणं. मी शाकाहारी आहे आणि अशा कित्येक ओपन हाऊसांतून सॅलड आणि चिप्स खाऊन परतले आहे. कुणाचा दोष नसतो. यजमानाला वाटतं पाव आहे, चीज आहे, होईल काहीतरी. पण सगळे जण हातात एक गरम, रश्शानं निथळणारी वस्तू धरून पुढे वाकून खात असतात आणि आपण काकडी. त्या क्षणी फार एकटं वाटतं.

नदीकाठ, यावर शिकागोनंच उत्तर काढलेलं आहे. ईस्टरच्या आधीच्या लेंटमध्ये शुक्रवारी कॅथलिक लोक मांस खात नाहीत, म्हणून तिथे बीफच्याच दुकानांत पेपर अँड एग मिळतं. ढोबळी मिरची तेलात मऊ होईपर्यंत परतायची, त्यात अंडी फेटून घालायची, त्याच पावात, त्याच जार्दिनिएरासोबत. अंडं खाणाऱ्यांना हे द्या, म्हणजे ती पर्यायी सोय न वाटता त्याच घराण्यातली वस्तू वाटते.

अंडंही न खाणाऱ्यांसाठी पोर्टोबेलो मशरूम पातळ कापून चांगले तांबूस परता आणि वेगळा रस्सा करा. सुके मशरूम, भाजलेला कांदा, लसूण, टोमॅटो पेस्ट, तोच ओरेगॅनो. वूस्टरशर सॉस घालू नका, त्यात बहुतेक वेळा मासा असतो. पातेलं वेगळं, चिमटा वेगळा, टेबल वेगळं. चिमट्याच्या दांड्याला हिरवी रिबीन बांधा. गर्दीत माणूस पाटी वाचत नाही, हाताला लागेल तो चिमटा उचलतो.

नदीकाठ | १७ मे, रात्री ९.१५

शेवंती, काकडीचं वाचून गलबलून आलं. हिरवी रिबीन आजच आणते.

वसईकरीण | १८ मे, सकाळी ९.००

वसईहून दोन शब्द. आमच्याकडे नाताळात, लग्नाच्या आदल्या रात्री, बाप्तिस्म्याला रोस्टचं सँडविच असतंच. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे आता म्हशीचं मांस. ते गडद, कमी चरबीचं आणि रेषा जाड. तुमच्यासारखं १४५ ला काढून चालत नाही, पुरतं शिजवावं लागतं.

आई करायची तसं सांगते. अख्ख्या तुकड्याला सुरीनं टोचे मारून आलं-लसूण, भरड मिरी, मीठ आणि व्हिनेगर चोळून रात्रभर मुरवायचं. जाड बुडाच्या टोपात तेल तापवून सगळ्या बाजूंनी लालसर करायचं. मग दालचिनी, लवंग, दोन सुक्या मिरच्या, वाटीभर पाणी. वर ताट, ताटात पाणी. ते पाणी तापलं की थोडं थोडं आत सोडायचं आणि ताटात नवं घालायचं. असं दोन-अडीच तास. गार पाणी टोपात कधी पडू द्यायचं नाही, मांस दचकतं असं आई म्हणायची.

आणि त्याच दिवशी कापायचं नाही! गरम कापलं तर चुरा होतो. दुसऱ्या दिवशी थंडगार असताना लांब सुरीनं. टोपातली दाट ग्रेव्ही गरम करून काप त्यात घोळवायचे आणि पावात. पाव कुठला? आमचा ब्रून. बाहेरून कडक, रश्शातही धीर धरतो. नरम लादीपाव हातात विरघळतो.

पदेराची_नात | १८ मे, सकाळी १०.३५

वसईकरीणताई, गोव्यातही हेच, आमच्याकडे पोईत किंवा उंड्यात. पोईचा पोटातला पोकळ खिसा रस्सा धरून ठेवतो, म्हणून ती उभी धरून भरावी.

खलबत्ता | १८ मे, दुपारी १२.१०

पावाचा मुद्दा वसईकरीणताईंनी काढला ते फार बरं झालं. शिकागोत गोनेला आणि तुरानोचे लांब पाव यासाठीच वापरतात. आत दाट, बाहेर चामट. सुपरमार्केटातला फुगीर हॉगी रोल रश्शात गेला की लगदा होतो. पाव सहा इंचांचे तुकडे करून घ्या, एका बाजूनं जोडलेले राहू देत. ड्राय, वेट आणि डिप्ड, तिन्ही प्रकार मागणारे लोक येतील. ड्राय म्हणजे काप निथळून, वेट म्हणजे वरून पळीभर रस्सा, डिप्ड म्हणजे अख्खं सँडविच चिमट्यानं धरून रश्शात बुचकळायचं आणि लगेच वर. टेबलाजवळ ओले टॉवेल आणि भरपूर रुमाल ठेवा.

नदीकाठ | २५ मे, रात्री १०.२०

आज तीन पौंडांच्या तुकड्यावर तालीम केली. तीन गोष्टी कळल्या.

पहिली, रेषा. कच्च्या मांसावर रेषा स्पष्ट दिसतात, भाजल्यावर वरच्या मसाल्याखाली लपतात. मी अर्धा तुकडा रेषांच्या दिशेनंच कापून मोकळी झाले आणि ते काप पातळ असूनही चावता चावेनात. उरलेला अर्धा फिरवून रेषांना आडवा कापला. तेच मांस, तोच रस्सा, आणि काप जिभेनं दाबला तरी सुटत होता. आता भाजण्याआधीच कच्च्या तुकड्याच्या एका टोकाला रेषांच्या दिशेनं टूथपिक टोचून ठेवणार आहे.

दुसरी, सुरी. माझ्याकडे स्लायसर नाही. फ्रिजमधून काढलेला तुकडा चाळीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवला. गोठला नाही, पण बोटानं दाबला तर दबेना इतका घट्ट झाला. लांब सुरी पुढे सरकवत, जोर न लावता कापत गेले. एक काप खिडकीशी धरला तर पलीकडच्या झाडाची हिरवाई त्यातून पुसटशी दिसत होती. सासरे बाजूला बसून बघत होते, म्हणाले, "बटाट्याच्या वेफर्सला तुझी सासू अशीच सुरी चालवायची."

तिसरी, ताटलीतला लाल रस. लेकीच्या मैत्रिणीला ते रक्त वाटलं. मी वाचून ठेवलं होतं म्हणून सांगू शकले की तो मायोग्लोबिन, म्हणजे मांसातलं लाल प्रथिन, आणि पाणी, रक्त नव्हे. गरम रश्शातून काढल्यावर तशीही लाली जाते.

प्रश्न उरला जार्दिनिएराचा. घरी करावा की बाटली आणावी?

खलबत्ता | २६ मे, सकाळी ६.५५

घरी करा, फार फरक पडतो. फ्लॉवरचे बारीक तुरे, गाजर, सेलरी, लाल ढोबळी, आणि सेरानो मिरचीच्या चकत्या. मिठाच्या पाण्यात रात्रभर, सकाळी उपसून पांढरं व्हिनेगर, ओरेगॅनो, मिरी, आणि मग तेल. दोन दिवस मुरलं की चव बसते.

आडकित्ता | २६ मे, सकाळी ९.४०

एक सावधानता. आपण लोणच्यावर तेलाचा थर देऊन बरणी फडताळात ठेवतो, पण त्या लोणच्यात मीठ आणि आंबटपणा भरपूर असतो. इथे भाज्या आणि लसूण तेलाखाली हवेविना राहतात आणि आम्ल कमी पडलं तर बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचा, धोका असतो. भाज्या आधी व्हिनेगरमध्ये पुरत्या बुडून मुरू देत, तेल नंतर. बरणी फ्रिजमध्येच, आणि आठवड्यात संपवा. तेल थिजून पांढरं दिसेल, अर्धा तास आधी बाहेर काढलं की मोकळं होतं.

नदीकाठ | ८ जून, सकाळी ११.००

झालं! हात अजून ओरेगॅनोचे वास मारताहेत.

शुक्रवारी भाजलं, शनिवारी सकाळी कापलं. काप १२०-१२० ग्रॅमचे मोजून बटर पेपरवर गड्डे करून ठेवले, म्हणजे दर वेळी किती काढायचे हा विचारच नको. रस्सा पावणेचार लिटर झाला, ट्रेमधला आणि वरून भाजलेल्या हाडांचा मिळून. तो १७० अंशांवर ठेवला आणि दर वीस मिनिटांनी थर्मामीटर बुडवून पाहिला. साडेतीनला एकदा १५५ पर्यंत उतरला होता, कारण मी एकदम सहा जणांचे थंड काप टाकले. त्यानंतर दोन-दोन जणांचेच टाकले. मोठ्या प्रमाणावर करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, थंड मांस रश्शाची उष्णता पिऊन टाकतं. पाचला पाऊण लिटर बिनमिठाचा उकळता स्टॉक त्यात घातला, खलबत्तांनी मिठाबद्दल बजावलं होतं म्हणून तो तयार ठेवलेला होता.

हिमगिरी, दहा वेक रोलही केले, सासऱ्यांना तेच आवडले. हॉर्सरॅडिश मात्र त्यांनी सावर क्रीममध्ये कालवून घेतलं.

शेवंती, पेपर अँड एग सगळ्यात आधी संपलं. बीफ खाणाऱ्यांनीही घेतलं, त्यामुळे मला मधेच बारा अंडी अजून फोडावी लागली. पुढच्या वेळी न खाणाऱ्यांच्या दुप्पट करा. हिरव्या रिबिनीचा चिमटा दिवसभर चुकून एकदाही बीफच्या पातेल्यात गेला नाही. एका काकूंनी मशरूमच्या रश्शात पाव बुडवून, वाकून, कोपरं टेबलाला टेकवून खाल्लं आणि पदर सांभाळत हसल्या.

आणि कोच. मोठ्याचे तेच कोच, धाकटीलाही ओळखतात. पावणेसहाला आले. मी फ्रिजमधून गड्डा काढला, रश्शात सोडला, मनात वीस मोजले, पावात भरला आणि त्यांनी डिप्ड मागितला म्हणून अख्खा बुचकळून दिला. ते उभ्यानं खात होते, मी भांडी आवरत होते. थोड्या वेळानं रिकामी ताटली घेऊन आले आणि विचारलं, अजून एक मिळेल का, यावेळी हॉट, म्हणजे वर तिखट जार्दिनिएरा घालून.

वसईकरीण | ८ जून, दुपारी १२.३०

बाय गं! वाचून इथे डोळे भरले. रस्सा उरला का?

नदीकाठ | ८ जून, दुपारी १२.५०

लिटरभर उरलाय, मावशी. पुन्हा उकळून गाळून पिशव्यांत सपाट गोठवलाय. कापही चार-पाच गड्डे आहेत, आज रात्री तेच जेवण.

वसईकरीण | ८ जून, दुपारी १.०५

गोठवलेल्यातला थोडा काढून त्यात बटाट्याच्या जाड फोडी शिजव, शेवटी चमचाभर व्हिनेगर. आणि वरचा चरबीचा थर टाकला नसशील तर त्यावरच कांदा परत.

नदीकाठ | ८ जून, दुपारी १.२०

थर बरणीत आहे. बटाटे सोलायला घेते.